मामांना गाडी लागायची

रामनगरात मी तेव्हा कॉम्प्युटर क्लास चालवत होते. सहा मशीन होती, त्यातली चार चालायची. एका दुपारी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून पन्नाशीचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढून आत आला, टायपिंग करणाऱ्या मुलींकडे जरा वेळ बघितलं आणि मला विचारलं,

"टीचर, तुमाला गाडी लागती काय?"

मी म्हटलं, नाही लागत.

"घाटात मांडीवरच्या कागदावर नजर ठेवून बसलं तरी?"

लहानपणी खानापूरच्या बसमध्ये मी गोष्टीची पुस्तकं वाचत यायचे, तरी कधी काही झालं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांनी समाधानानं मान हलवली, टॉवेल सोडला आणि आतला लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. माझी मुलाखत झाली होती. पुढं चार वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं आणि शिक्षण, अनुभव वगैरे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

त्यांना सगळे मामा म्हणत. रामनगरहून जोयड्याला जाणाऱ्या रस्त्यावर फणसाच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. तिथं ते शर्यतीच्या गाड्यांचे डबे बसवत. डबा हा मामांचाच शब्द. हल्लीच्या गाडीत इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. गाडी शर्यतीला न्यायची तर कंपनीचा तो कॉम्प्युटर काढून दुसरा बसवतात, कारण त्यातले आकडे आपल्याला लॅपटॉपवरून बदलता येतात. तो डबा बसवायचा, त्याचं वायरिंग करायचं, आकडे जुळवायचे आणि बिघडला तर का बिघडला ते शोधायचं, हे मामांचं काम. गोव्यात पंधरा-वीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून राहून ते हे शिकले होते. गोव्याहून, बेळगावहून, हुबळीहून लोक गाड्या घेऊन त्यांच्याकडे यायचे, आणि शेडजवळ आल्यावर ही जागा नसेल असं समजून पुढं निघून जायचे.

आकडे जुळवायचे तर गाडी रस्त्यावर पळती हवी आणि कुणाची तरी नजर सतत स्क्रीनवर हवी. आणि मामांना तर गाडी लागायची. स्क्रीनकडे बघितलं की दुसऱ्या वळणाला त्यांचा चेहरा पिकल्या केळ्यासारखा पिवळा व्हायचा. माझ्याआधी त्यांनी मेहुण्याला बसवून बघितलं होतं. त्यांच्या मेहुण्यालाही गाडी लागायची.

तेव्हा आमची रचना अशी ठरली. गाडीचा मालक चालवणार. शेजारी लॅपटॉप घेऊन मी. मागच्या सीटवर मामा, डोळे मिटून, गालात आमसूल धरून. मी आकडे वाचत जायचे, बारा, साडेबारा, तेरा. मामा ऐकायचे. त्यांचं लक्ष माझ्याकडे कमी आणि इंजिनाकडे जास्त. मग मागून आवाज यायचा, "तिसऱ्या वाफ्याला जरा पाणी सोडा."

पहिल्या दिवशी मी मागं वळून बघितलं. स्क्रीनवरचा पेट्रोलच्या आकड्यांचा चौकोनी तक्ता मामांना भाताच्या शेतासारखा दिसायचा. तसा तो दिसतोही. ओळीनं वाफे, मधे बांध. एका वाफ्यात जास्त झालं की शेजारच्यात झिरपतं, म्हणून एकदम ओतायचं नाही, हे त्यांनी मला समजावलं. मी आकडा दोननं वाढवायचे, आणि मागून "हां" असा हुंकार आला की तो वाफा भिजला असं समजायचं. माझ्या वहीत अजून 'पाचवा वाफा कोरडा' अशा नोंदी आहेत. एकदा वडिलांनी ती वही उघडली आणि मी जमीन घेतली की काय, असं आईला विचारलं.

मालक गप्प बसायचे नाहीत, ही मामांची मोठी अडचण होती. प्रत्येकानं मोबाइलवर काहीतरी बघितलेलं असायचं आणि आपल्या गाडीला काय झालंय ते त्याला आधीच ठाऊक असायचं. यावर मामींनी उपाय काढला होता. शेडबाहेर एक बाक होतं, मालकाला त्यावर बसवायचं आणि पुढ्यात चिंचांनी भरलेलं सूप ठेवायचं. मामी म्हणायच्या, तेवढ्या फोडून द्या की, बसलायसाच तर. नाही म्हणायची कुणाला सवय नसायची. लाखो रुपयांच्या गाड्यांचे मालक तिथं बसून चिंचोके काढायचे. हुबळीचा एक जण तर दुसऱ्या खेपेला स्वतःचा अडकित्ता घेऊन आला. तो चिंचेला लागत नाही हे मामींनी त्याला सांगितलं.

आणि ती पाटी. शेडच्या पत्र्यावर मामांनी ऑइलपेंटनं स्वतः लिहिली होती: 'आधी अर्थ पाहा. अर्थ नसेल तर सर्व व्यर्थ.' अर्थ म्हणजे वीज परत जायला गाडीच्या पत्र्याला जोडतात ती तार. ती ढिली असली, गंजलेली असली की डब्याला सगळं चुकीचं दिसतं, आणि दहातल्या आठ तक्रारी तिथंच मिटतात, असं मामांचं म्हणणं. गाडी आली की लॅपटॉप उघडायच्या आधी ते तारेचा ब्रश घेऊन एकेक बोल्ट घासत गाडीभोवती फिरायचे. रस्त्यानं जाणाऱ्यांना हे काय माहीत असणार? दांडेलीचे एक निवृत्त प्राध्यापक ती पाटी वाचून गाडीतून उतरले, पाटीबरोबर फोटो काढून घेतला आणि मामांना अदबीनं विचारलं की जीवनात हा अर्थ शोधायची सुरुवात कुठून करावी. मामा म्हणाले, बॅटरीच्या निगेटिव्हपास्नं. प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं.

मामा स्वतः हसत नसत. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसायचंच नाही. मडगावच्या एका दातांच्या डॉक्टरांच्या गाडीच्या वेळचं सांगते. जोयड्याच्या पलीकडं एका खेड्याच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही आकडे जुळवत होतो. थांबलो असताना स्क्रीनवर एक चौकट आली, डब्यातला प्रोग्राम नवा करायचा का. मी हो दाबलं. चूक माझी. जुना प्रोग्राम पुसून झाला आणि नवा यायच्या वेळेला इंटरनेट गेलं. ते मुळात होतं तेच आश्चर्य. आता डब्यात काहीच नव्हतं, न जुनं न नवं. गाडी म्हणजे नुसता पत्रा.

रेंज टेकाडावर मिळते असं तिथल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं. लॅपटॉप टेकाडावर नेऊन भागणार नव्हतं, गाडीही जोडलेली हवी होती. शेतकरी बैल घेऊन आला. दोर बांधता बांधता त्यानं डॉक्टरांना विचारलं, किती घोड्यांची गाडी हाय. डॉक्टर पडेल आवाजात म्हणाले, दोनशे चाळीस.

"मग आज सुट्टी हाय काय त्यास्नी?"

मी तोंडावर ओढणी धरली. मामा मात्र बैलांच्या पुढं चालत होते, खड्डे दाखवत, गंभीरपणे. वर पोचल्यावर मोबाइल एका बांबूला बांधून मी उंच धरला आणि पाऊण तास हात खाली केला नाही. प्रोग्राम आला. डॉक्टरांनी आनंदानं चावी फिरवली आणि आनंदानंच एक्सिलेटर दाबला. नशीब, दोर सोडलेला होता. त्या आवाजानं बैल जे उधळले ते खालच्या भातात. शेतकरी एका बाजूनं, मामा दुसऱ्या बाजूनं आणि मधे पांढऱ्या बुटांतले डॉक्टर, असे ते तिघं संध्याकाळ होईपर्यंत बैलांमागं होते. परत आल्यावर मामा मला काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, इंजिनचा आवाज लांबून ऐकला, चौथा वाफा जरा जास्त भिजलाय.

पण मामा म्हटलं की मला आधी आठवते ती कंत्राटदारांची गाडी.

हे कंत्राटदार खानापूरकडचे. पांढरी छोटी गाडी, तिला टर्बो लावलेला. दोन महिन्यांपूर्वी मामांनीच तिचा डबा बसवला होता. शर्यत आठ दिवसांवर आली आणि ते तणतणत शेडवर आले. घाटात वळण आलं की गाडी दम टाकते. सरळ रस्त्यावर काही नाही, वळणावर मात्र इंजिन गचके खातं आणि कधीकधी बंदच पडतं. बाकीच्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं, वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं. म्हणून त्यांनी पंप बदलला, मग टाकी बदलली. फरक शून्य. आता सगळे एकच सांगत होते की दोष मामांच्या डब्यात आहे. कंत्राटदार म्हणाले की तीन दिवसांत सापडलं नाही तर मी डबा काढून टाकणार, आणि का काढला ते शर्यतीच्या मैदानावर सगळ्यांना सांगणार.

त्यांना चिंचा द्यायचं धाडस मामींनीही केलं नाही.

मामांनी दोन दिवस गाडीला लावलेला हात काढला नाही. सगळे अर्थ तपासले. एकूण एक लखलखीत. मी मीटरनं मोजले, तेही बरोबर. शेडमध्ये इंजिन तासन् तास चालू ठेवलं, एक गचका नाही. मामा जेवायचे नाहीत, जेवले तर बोलायचे नाहीत. मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, टीचर, एवढ्या डब्यापायी माणूस वाळून गेलाय बघा. खरं सांगायचं तर मलाही झोप लागत नव्हती. मामांकडे दुसरं काही नव्हतं. त्यांनी बसवलेला डबा चालतो, एवढंच त्यांचं नाव होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही अनमोडच्या घाटात गेलो. कंत्राटदार चालवत होते, मी शेजारी, मामा मागं, डोळे मिटून. पहिल्याच वळणाला गाडीनं दम टाकला. स्क्रीनवर सगळे आकडे एकदम खाली गेले आणि परत वर आले. एखादा सेन्सर बिघडला तर एक आकडा चुकेल. हे सगळे एकदम. मी सांगायला लागले तर मामा म्हणाले, गप. दुसरं वळण, तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी तेच.

पाचव्या वळणानंतर मागून आवाज आला.

"वळणावर दम टाकत न्हाई गाडी. वळणाच्या आधी टाकती."

कंत्राटदार म्हणाले, तेच ते.

"तेच न्हवं. हॉर्न वाजवू नका आता."

घाटात, समोरून ट्रक येत असताना, आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवायचा नाही म्हणजे काय करायचं, असं कंत्राटदारांनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं. मामांनी क्षणभर विचार केला आणि मला सांगितलं, टीचर, तुमी काच खाली घ्या.

पुढची सात वळणं मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले. आधी "बाजू, बाजू" म्हणत होते, पण ट्रकवाल्यांना ते कळेना, तेव्हा सरळ "पों पों" म्हणायला लागले. मागच्या खिडकीतून मामाही डोळे मिटूनच ओरडत होते, त्यांचा आवाज खालच्या पट्टीतला. समोरून येणारी एक बस आम्हाला बघून पूर्ण थांबली. ड्रायव्हरनं हात जोडले. आणि गाडी? गाडी सात वळणं लोण्यासारखी चढली. एक गचका नाही.

सरळ रस्ता आल्यावर मामा म्हणाले, आता वाजवा. कंत्राटदारांनी हॉर्न दाबला आणि इंजिन जागच्या जागी बंद पडलं.

मामा दार उघडून खाली उतरले, कडेला जाऊन आमसुलासकट सगळं ओकले, मिशी पुसली आणि बॉनेट उघडलं. थोडा वेळ आत बघत राहिले. बॉनेट तसंच उघडं ठेवून ते कंत्राटदारांपुढं येऊन उभे राहिले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "हॉर्नचा अर्थ आणि डब्याचा अर्थ, दोन्ही मीच एका तारेवर दिलेत."

कंत्राटदारांनी हौसेनं ट्रकला शोभतील असे दोन भोंगे लावले होते. ते वाजले की त्या एका तारेतून इतकी वीज धावायची की डब्याच्या पायाखालची जमीनच हलायची. त्याला सगळं चुकीचं दिसायचं आणि घाबरून तो इंजिन बंद करायचा. शेडमध्ये हे दिसणार कसं? शेडमध्ये हॉर्न कोण वाजवतो? आणि घाटात वळण आलं की माणूस आधी हॉर्न दाबतो. गाडीचा काही दोष नव्हता, रस्त्याचाही नव्हता.

त्यांनी तार गुपचूप वेगळी केली असती आणि सेन्सरचं नाव सांगितलं असतं, तर कंत्राटदारांना काय कळणार होतं? मलासुद्धा कळलं नसतं. मी हे त्यांना नंतर बोलून दाखवलं. त्यांना माझं बोलणं समजलंच नाही. तार तिथंच हाय की, दिसती, असं म्हणाले.

दहा मिनिटांत दुसरी तार टाकून झाली. कंत्राटदार परत निघाले, आणि रामनगर येईपर्यंत प्रत्येक वळणावर, प्रत्येक झाडापाशी, एकदा तर रिकाम्या माळावर त्यांनी हॉर्न वाजवला. गाडी एकदाही थांबली नाही. शेडवर पोचल्यावर ते मामांना म्हणाले, शर्यतीला या. मामा म्हणाले, लांबून बघतो. त्या सबंध दुपारी ते बाकावर बसून चिंचा फोडत होते. मामींनी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, आज मी मालकाच्या जागी हाय.

शर्यतीत कंत्राटदार दुसरे आले आणि मैदानावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं ते असं की घाटात ओरडून गाडी बरी करणारा एक माणूस रामनगरला आहे. ही गोष्ट फिरत फिरत पुण्याला गेली. तिथल्या एका मोठ्या वर्कशॉपचे दोन जण मामांना न्यायला आले. बोलणी चांगली झाली. मामींनी डोळे पुसत फराळाचे डबे भरले. लोंढ्याहून रेल्वेनं जायचं होतं. रेल्वे मामांना लागत नसे. जाताना त्यांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मला दिला आणि म्हणाले, तिथं कंपनीचा हाय. एवढंच. मी क्लासवर जाऊन मुलींना टायपिंग शिकवलं, आणि त्या दिवशी सगळ्यांना जरा जास्तच रागावले.

सहाव्या दिवशी मामींचा फोन आला, आलेत म्हणून. मी शेडवर गेले. मामा फणसाखाली बसून ब्रशला लागलेला गंज झटकत होते. मी विचारलं, जमलं नाही का? जमलं की, ते म्हणाले. लोक चांगले, जेवण चांगलं. मग हळूहळू बाकीचं सांगितलं. तिथं गाडी रस्त्यावर न्यायचीच नसते. एका बंद खोलीत जमिनीत मोठे रोलर बसवलेले असतात, त्यावर चाकं ठेवायची आणि गाडी जागेवर पळवायची. समोर पंखा, बाजूला मोठी स्क्रीन. वळण नाही, खड्डा नाही. मामा स्वतः स्क्रीन बघू शकत होते, पोटात काही ढवळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सगळे वाफे आपल्या डोळ्यांनी भिजवले.

"मग परत का आलात?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"तासभर पळाली ती गाडी, टीचर. जीव तोडून पळाली. शंभर किलोमीटर. काच उघडून बघतो तर खोलीतच." मग म्हणाले, "मी त्यांना इचारलं, आता कुठं न्यायची? ते म्हणाले, कुठं न्हाई, झालं काम."

मला हसू आलं, पण त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी फणसाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी धारवाडच्या एका माणसाची जिप्सी आली. डबा नीट होता, अर्थ नीट होते, सगळे वाफे भिजलेले. काही करायलाच नव्हतं. तरी मामा म्हणाले, दिग्गीपातूर नेऊन बघू. दिग्गी म्हणजे जंगलातलं पार टोकाचं गाव. मी म्हटलं, कशाला, आकडे सगळे बरोबर आहेत. ते ऐकायला तयार नव्हते. मालक बिचारा आपल्या गाडीला काहीतरी भयंकर झालंय असं समजून निमूट चालवायला बसला. जोयडा मागं पडलं, जंगल लागलं, रस्ता लाल झाला. मामांनी तीनदा गाडी थांबवायला लावली आणि तिन्ही वेळा कडेला जाऊन आले. मी लॅपटॉप उघडलाच नाही. दिग्गीत अगदी शेवटच्या घरापाशी, जिथून पुढं गाडी जातच नाही, तिथं आम्ही थांबलो. इंजिन बंद केल्यावर एकदम शांत झालं.

मामा खाली उतरले, हात कमरेवर ठेवून इकडंतिकडं बघितलं. चेहरा केळ्यासारखा पिवळा, पण खूश. अंगणात एक म्हातारी सुपारी वाळत घालत होती. तिनं कपाळावर हात धरून आमच्याकडे बघितलं.

"कुणाकडं आलासा?"

"कुणाकडं न्हाई, अव्वा," मामा म्हणाले. "पोचायला आलोय."

म्हातारीनं मान हलवली आणि ओसरीवरचं सुपारीचं पोतं बाजूला सरकवून तिघांना पुरेल एवढी जागा केली.

"मग बसा की."